नायक बदलून मिळावा

१४ जून

प्रिय धाकट्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू फक्त "हं" म्हणतोस, आणि ते "हं" होकाराचं की जांभईचं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. कागदावर तू माणसासारखा बोलतोस.

कामाचं सांगते. यंदा सातवीच्या भाषेत नवीन पाठ आलाय, "कथा आणि माहितीपर लेखन : तुलना." मला वाटलं, यात काय, एका तासात उरकू. फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, "कथा म्हणजे कल्पनेतलं", उजवीकडे लिहिलं, "माहितीपर म्हणजे खरं". खडू ठेवायच्या आत पहिल्या बाकावरची मुलगी उभी. शिक्षकखोलीत आम्ही सगळे तिला वकीलीणच म्हणतो. म्हणाली, "बाई, मग प्रगतिपुस्तकातला शेरा कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "उजवीकडे. शेरा खरा असतो."

"पण तुम्ही सगळ्यांना एकच शेरा देता. 'हुशार आहे, प्रयत्न वाढवावेत.' मागच्या बाकावरचा तो झोपाळू आणि मी, दोघंही तेच?"

वर्ग खदखदून हसला. झोपाळूही उठून हसला. मी रेघ पुसली.

पुस्तकात उदाहरण म्हणून एक देवमाशाची माहिती आहे आणि एक जलपरीची गोष्ट. मुलं म्हणतात, दोन वेगळ्या प्राण्यांची तुलना कशी करायची? बरोबरच आहे. एकाच वस्तूवरची दोन लेखनं हवीत. तेव्हा मला तू आठवलास. तुमच्या कारखान्याच्या इस्त्रीबरोबर खोक्यात जे माहितीपत्रक येतं, ते तूच लिहितोस ना? त्याच्या चाळीसएक प्रती पाठव. इस्त्रीवरची गोष्ट मी कुठून तरी मिळवते.

तुझे भावोजी विचारतायत, तू जेवतोस की नाही वेळेवर. खरं तर मीच विचारतेय. ते बसच्या वेळापत्रकात बुडालेत. आगारात तेच वेळापत्रक करतात आणि घरी येऊन म्हणतात, आपल्या कुटुंबात कल्पित लेखन फक्त मीच करतो.

तुझी ताई


२१ जून

ताई,

प्रती वेगळ्या पाकिटात पाठवल्या आहेत. मी वेळेवर जेवतो.

तुला पाठवलेली छपाई दुरुस्त केलेली आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पहिली छपाई तुझ्या वर्गात पोचली असती तर तुझी नोकरी गेली असती. झालं असं की छापखान्याच्या नव्या यंत्राने शब्दाच्या सुरुवातीची "इ" गिळली. सगळीकडे. त्यामुळे "इस्त्री"चं काय झालं असेल, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. माझ्या नावावर पुढचा मजकूर बाजारात गेला : "स्त्री तापल्यावर तिच्याकडे पाठ फिरवू नये. तिला एकटी सोडून जाऊ नये. पूर्ण थंड होण्याआधी कपाटात ठेवण्याचा प्रयत्न करू नये."

मला याचा पत्ताच नव्हता. खाली तक्रार विभागात एक बाई बसतात, सगळं कार्यालय त्यांना तक्रारबाई म्हणतं. त्या एक दिवस ते पत्रक घेऊन जिना चढून माझ्या टेबलाशी आल्या आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पत्र वाचलं : "पन्नास वर्षांच्या संसारात हे मला कोणी छापून दिलं नव्हतं. फार उशीर झाला, तरी आभार." तरी त्या हसल्या नाहीत. मी हसलो, तेव्हा मग हसल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि काच अजून धूसर आहे म्हणून पुन्हा काढला. जिन्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. जाता जाता म्हणाल्या की रागाच्या पत्राला उभ्याने उत्तर देऊ नये, आधी बसावं.

असो. छपाई बदलली. तुझ्या कामाला शुभेच्छा.

धाकटा


२ जुलै

प्रिय धाकट्या,

भावोजींनी तुझी चुकलेली छपाई ऐकली आणि म्हणाले, "दुरुस्त कशाला केली? हेच खरं माहितीपर लेखन." मी तापलेली होते, त्यामुळे ते पाठ न फिरवता स्वयंपाकघरातून उलटे चालत बाहेर गेले.

आणि ती तक्रारबाई कोण रे एवढी शहाणी? दुसऱ्याची चूक घेऊन जिना चढायचा आणि चारचौघांत मोठ्याने वाचायची! अशी एक खडूस बाई प्रत्येक कार्यालयात असतेच. तू साहेबांच्या कानावर घाल. तू नेहमी गप्प बसतोस म्हणून लोक तुझ्या डोक्यावर मिरे वाटतात.

वर्गात मात्र तुझ्या पत्रकाने धमाल उडवली. मी म्हटलं, यात काय काय आहे ते शोधा. मुलांनी शोधलं : आकडे आहेत, आकृती आहे, "करावे" आणि "करू नये" आहे, कोणाचंही नाव नाही, कोणी काही बोलत नाही, आणि पहिलं पान न वाचता तिसरं वाचलं तरी चालतं. मग झोपाळू, जो वर्षभर झोपेत आहे, तो उठला आणि म्हणाला, "बाई, इथे लिहिलंय 'पाठ फिरवू नये'. कोणीतरी पाठ फिरवली की गोष्ट सुरू होते."

मी ते तसंच फळ्यावर लिहिलं. वीस वर्षं शिकवतेय, हे मला सुचलं नव्हतं.

आता घोडं एवढ्यावरच अडलंय की इस्त्रीवरची गोष्ट मला कुठेच मिळत नाही. राजकन्या, वाघ, चोर, सगळे मिळाले, पण इस्त्री कोणी करत नाही. तेव्हा ती तूच लिही. एक पान पुरे. तुला इस्त्री आतून-बाहेरून माहीत आहे.

ताई


९ जुलै

ताई,

तक्रारबाई खडूस नाहीत. चारचौघांत वाचलं नाही, माझ्या टेबलाशी तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आणि चूक दाखवायला त्या स्वतः वर आल्या, हे त्यांचं काम नव्हतं, नुसती चिठ्ठी पाठवून भागलं असतं. साहेबांच्या कानावर घालण्यासारखं यात काही नाही. हे स्पष्ट व्हावं म्हणून लिहिलं.

गोष्ट लिहिली आहे. मला हे जमत नाही, तरी पाठवतो.

"१. एक मनुष्य होता. २. त्याच्याकडे एक इस्त्री होती. ३. त्याने ती चालू केली व सदरा पसरला. ४. इतक्यात दार वाजले. ५. मनुष्य दार उघडण्यास गेला. (सूचना : असे करू नये.) ६. सदरा जळाला. ७. मनुष्य दुःखी झाला. असे दुःख साधारणपणे पंधरा मिनिटांत कमी होते. न झाल्यास जाणकारास दाखवावे."

दुसरं, कारखान्याची नवी शाखा दूर निघते आहे. तिथे माहितीपत्रकांसाठी माणूस हवा आहे. साहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं. ऑगस्टअखेर जायचं. इथे अडून राहावं असं काही नाही.

धाकटा


१६ जुलै

प्रिय धाकट्या,

बदलीचं असं पत्राच्या शेपटाला बांधून सांगतात? चार ओळींत? तिथे तुझं कोण आहे? इथे निदान चार तासांवर मी तरी आहे. आईबाबा गेल्यापासून तू दर वर्षी थोडा थोडा कमी बोलतोस, आणि आता जिथे कोणाशीच बोलावं लागणार नाही अशा गावी निघालास. "अडून राहावं असं काही नाही" हे वाक्य मी परत परत वाचलं. मला ते आवडलं नाही.

आता गोष्टीबद्दल. वर्गाने तुझी गोष्ट वाचली आणि सगळ्यांनी एकमताने ती माहितीपर म्हणून लावली. वकीलीण म्हणाली, यात माणूस आहे पण माणूस वाटत नाही, सुटा भाग वाटतो. दुसरी एक म्हणाली, दुःख पंधरा मिनिटांत जातं हे लेखकाला कोणी सांगितलं, माझं मांजर गेलं तेव्हा उन्हाळा संपला तरी गेलं नव्हतं. पण सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो चौथ्या मुद्द्यावर. "बाई, दार कोणी वाजवलं?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. "पण गोष्ट तर तिथेच आहे ना!"

तर वर्गाचा निरोप असा की लेखकाने दार उघडावं. पुन्हा लिही. आकडे घालू नकोस. तुला जे रोज दिसतं त्यातलं काहीतरी घाल, बाकीचं बनव.

ताई


२८ जुलै

ताई,

पुन्हा लिहिली. वेळ लागला. आकडे काढल्यावर वाक्यं कुठे संपवायची ते कळेना. पूर्ण गोष्ट सोबत जोडली आहे. तुला प्रती काढायला सोपं जावं म्हणून मुख्य भाग इथेच स्वच्छ अक्षरात उतरवतो.

"एका बंदरात एक खलाशी राहायचा. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा, वादळाला न घाबरणारा. रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहून सदऱ्याला इस्त्री करायचा. खिडकीसमोर बंदराची कचेरी होती आणि तिथे एक पत्रवाली बसायची. हरवलेल्या मालाबद्दल लोक जी पत्रं पाठवत, त्यांना उत्तरं देणं हे तिचं काम.

"ती प्रत्येक पत्र आधी उभ्याने वाचायची. पत्र रागाचं निघालं तर खुर्चीत बसायची आणि मगच पेन उचलायची. पत्राची घडी जशी आली असेल तशीच, जुन्या रेघांवरून परत घालायची, जणू ते तिला फक्त सांभाळायला दिलंय. उत्तर झालं की पेनाला टोपण लावायची आणि ते नीट बसलं का, हे कानाशी नेऊन ऐकायची. चहा आला की त्यावर बशी झाकायची आणि विसरून जायची. केसांत भांगाच्या डाव्या बाजूला एक पांढरी बट होती, ती लपवायचा तिने कधी प्रयत्न केला नाही.

"एक दिवस खलाशाच्या दारावर थाप पडली. त्याला वाटलं तीच आली. तो धावला. दारात बोटीचा माणूस होता. 'उद्या निघायचंय.' खलाशी परत आला तोवर सदरा जळाला होता. दुसऱ्या दिवशी तो जळका सदरा घालून बोटीवर चढला. कचेरीच्या खिडकीवरून जाताना त्याने मान वर केली नाही. बोट निघून गेली."

गोष्टीचा शेवट वाईट आहे, पण लहान मुलांना एवढं चालेल असं वाटतं.

धाकटा


८ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

चालेल? अरे, वर्गात दोन मुली रडल्या आणि झोपाळूने बाक आपटला. "त्या खलाशाला तोंड नव्हतं का?" हा प्रश्न मला तासभर झेलावा लागला.

मग मी त्यांना काम दिलं. म्हटलं, कथा म्हणजे सगळंच बनवलेलं नसतं. लेखकाने प्रत्यक्ष पाहिलं असेल असं जे वाटतं त्याखाली रेघ मारा, बनवलेलं वाटतं त्याला गोल करा. कारण द्या. कारणाशिवाय गुण नाहीत.

वह्या घरी आणल्या. पहिल्या पाच तपासल्या आणि भावोजींना हाक मारली. सगळ्या वह्यांत एकच. खलाशाभोवती गोल, पत्रवालीखाली रेघा. वकीलिणीने लिहिलंय ते तसंच उतरवते :

"लेखकाने खलाशी पाहिलेला नाही. त्याला खलाशाच्या खांद्यांशिवाय काहीच माहीत नाही. वादळाला न घाबरणारा माणूस दाराला घाबरतो, हे पटत नाही. पत्रवाली मात्र खरी आहे. टोपण कानाशी नेणं कोणाला बसल्या जागी सुचत नाही, ते बघावं लागतं. लेखक तिच्याकडे वरून बघतो. त्याला तिचा भांग दिसतो, कपावरची बशी दिसते, पण तिच्या पायांत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे लेखक वरच्या मजल्यावर खिडकीशी बसतो. आणि तो रोज बघतो, कारण 'एकदा' असं कुठेच नाही, सगळीकडे 'ची-ची' आहे. वाचायची, घालायची, झाकायची."

धाकट्या, तू दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसतोस. तक्रार विभाग चौकापलीकडे तळमजल्यावर, तुझ्या खिडकीसमोर. रागाच्या पत्राला बसून उत्तर द्यावं, हे तू मला जूनमध्येच लिहिलं होतंस, आणि मी मूर्खासारखी त्या बाईची तक्रार करायला सांगत होते.

भावोजी म्हणाले, "वीस वर्षं आपण त्याला स्थळं सुचवली आणि सातवीच्या वर्गाने एका तासात निकाल लावला."

खरं काय ते सांग. आणि ती बदली घेऊ नकोस.

तुझी ताई


११ ऑगस्ट

ताई,

गोष्ट कल्पित आहे. कथा कल्पित असते, असं तूच फळ्यावर लिहिलं होतंस.

मुलांना त्यांच्या निरीक्षणाबद्दल पूर्ण गुण द्यावेत. विषय इथे संपवावा ही विनंती.

बदलीचे कागद सही होऊन आले आहेत.

धाकटा


१४ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

रेघ तर मी पुसलीच होती, हे सोयीस्कर विसरलास. पण आज भांडायला लिहीत नाही. आधी बस. बसलास? मग वाच.

गेल्या आठवड्यात मी मुलांना विचारलं, दोन्ही लेखनांतला शेवटचा फरक कोण सांगेल? वकीलीण म्हणाली, "कथेला पत्ता नसतो, माहितीपत्रकाला असतो." आणि पत्रक उलटं करून दाखवलं. मागे बारीक अक्षरात छापलंय, "तक्रारी व सूचना पुढील पत्त्यावर पाठवाव्यात." मी म्हटलं, वा, छान. शाबासकी दिली.

काल झोपाळूच्या तोंडून कळलं की त्यांनी त्या पत्त्यावर तक्रार पाठवली. अख्ख्या वर्गाने. गोष्टीबद्दल. गोष्टीची प्रत जोडून. मला न विचारता, कारण पत्रकावर "शिक्षकांना विचारावे" असं कुठे लिहिलेलं नाही म्हणे. कच्चं लिखाण मिळालं, त्यात आहे : "आमची तक्रार अशी की आपल्या लेखकाच्या गोष्टीतली पत्रवाली खरी असून नायक खोटा आहे. खऱ्या बाईंना खोटा नायक देणं बरोबर नाही. शिवाय तो काही न बोलता निघून जातो. कृपया नायक बदलून मिळावा."

तू पत्रक लिहितोस. तुमच्याकडे तक्रारी कोण उघडतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी शाळेत कोणाला ओरडले नाही. ओरडण्यासारखं त्यात व्याकरणही चुकलेलं नव्हतं.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा उशीर झाला होता. दुपारी खिडकीतून पाहिलं तर त्या एक जाड पाकीट उभ्याने वाचत होत्या. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पेनाकडे बघितलं. टोपण लावलं आणि हात कानापाशी नेता नेता अर्ध्यावर थांबवला. आणि मान वर केली.

ताई, इतक्या वर्षांत त्यांनी वर कधीच बघितलं नव्हतं. मी टेबलाखाली गेलो. तिथे काही हरवलं नव्हतं. थोड्या वेळाने साहेब आले आणि त्यांना माझे फक्त बूट दिसले. "काय शोधताय?" म्हणाले. मी म्हटलं, ताप आलाय. साहेबांनी रजा दिली.

ताप नाही. घरी पडून आहे. बदलीच्या गावी आधीच जाता येईल का, याचा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यांच्यासमोर मी कसा उभा राहू? माणूस तिथे काम करतो, आणि वरून कोणीतरी रोज बघतो, हे कळल्यावर कोणालाही रागच येईल. यायलाच हवा. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला तो माझ्यामुळे. ती सवय मी मोडली. याचं मला जे वाटतंय ते पंधरा मिनिटांत जाणारं नाही.

तुझ्या मुलांना बोलू नकोस. त्यांचं बरोबर होतं. तुझंही. विषय कल्पित नव्हता.

धाकटा


२१ ऑगस्ट
तक्रार विभाग

इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांस,

आपली तक्रार पोचली. विभागाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तक्रारीला उत्तर दिले जाते, म्हणून हे पत्र. तक्रार वाचल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसले, पण ते रागामुळे नव्हे.

आपण ज्या मजकुराखाली रेघा मारल्या आहेत तो तपासून पाहिला. तो बहुतांशी बरोबर आहे. टोपण मी कानाशी नेते. हे कोणी पाहत असेल असे वाटले नव्हते. कळल्यावर दोन दिवस अवघडल्यासारखे झाले, आज पुन्हा नेऊ लागले आहे, कारण एका टोपणाने पूर्वी माझी पिशवी खराब केली होती. रागाच्या पत्रांबद्दलचे मत मी एकदाच जिन्यात बोलले होते. कोणी ते लक्षात ठेवले, ही गोष्ट माझ्या नोकरीत नवीन आहे. एक चूक मात्र आहे. मी चहा विसरत नाही. मला तो थंडच आवडतो. लेखकाने याबाबत विचारले असते तर सांगितले असते.

आता मूळ तक्रार. सहा फूट उंचीचा, रुंद खांद्यांचा कोणीही कर्मचारी आमच्या कार्यालयात नाही. जो आहे तो मध्यम उंचीचा असून तेवढी उंची पुरेशी आहे. त्यामुळे नायक बदलून देण्याची आवश्यकता वाटत नाही. मूळ नायक चालू स्थितीत आहे. तो आपणहून सुरू होत नाही, एवढाच त्याच्यात दोष आहे.

नायक काही न बोलता बोटीत बसून जातो, हा शेवट विभागाला मान्य नाही. याबाबत लेखकाशी समक्ष बोलणे जरुरीचे आहे. लेखक सध्या तापाच्या रजेवर आहेत. ते हजर होताच कारवाई करण्यात येईल.

आपल्या वर्गाचे वाचन चांगले आहे. प्रयत्न वाढवण्याची गरज नाही.

आपली,
विभाग प्रमुख

(प्रत : साहेबांच्या माहितीसाठी)


२४ ऑगस्ट

धाकट्या,

सोबतची प्रत वाच. वर्गात मोठ्याने वाचायला घेतली आणि मी एकेक ओळ दोनदा वाचू लागले, शेवटी वकीलिणीने हातातून घेऊन वाचून संपवली.

तुला ताप नाही. ऊठ, दाढी कर आणि कामावर जा. तो अर्ज फाडून टाक, नाहीतर भावोजींकडे पाठव, ते त्याची वेळ बदलून देतील.

ताई


३१ ऑगस्ट

ताई,

सोमवारी गेलो. दुसऱ्या मजल्यावर न जाता सरळ तळमजल्यावर. माझे पाय मला इतके मोठे कधी वाटले नव्हते. त्या एक पत्र उभ्याने वाचत होत्या. मी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. घरून चार वाक्यं पाठ करून नेली होती, पहिल्याचा पहिला शब्द "क्षमा" होता, तोही आठवेना.

त्यांनी पत्राची घडी घातली. म्हणाल्या, "तक्रार असेल तर बोला. नसेल तर बसा."

मी बसलो.

टेबलावर बशी झाकलेला कप होता. मग मी म्हटलं, "चहाचं चुकलं."

"हो."

"मला वाटायचं, कामात विसरता."

"वाटत होतं तर खाली येऊन विचारायचं. जिना दोन्ही बाजूंनी चढता-उतरता येतो. मी एकदा चढले होते."

"ते छपाईच्या चुकीसाठी."

"तुमच्या पत्रकांत त्याआधीही चुका होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी मी चिठ्ठी पाठवली होती."

ताई, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तिथे मी फक्त "हं" म्हटलं. पण त्यांना ते कुठल्या प्रकारचं आहे ते बरोबर कळलं असावं, कारण त्यांनी बशी उचलून कप माझ्याकडे सरकवला. थंड चहा वाईट लागतो. मी सगळा प्यायलो.

दुपारी साहेबांकडे जाऊन म्हटलं, बदली नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, खासगी आहे. साहेब म्हणाले, "खासगी कसलं? प्रत माझ्या टेबलावर आहे, हिशेबवाल्यांनी वाचली, गोदामातल्यांनी वाचली. चालू स्थितीतल्या माणसाला मी कशाला पाठवू?" आणि कागदावर आडवी रेघ मारली.

संध्याकाळी बसथांब्यापर्यंत बरोबर चालत गेलो. त्यांचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली. वडील त्यांच्याबरोबर राहतात, त्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून ते इतरांना ओरडून बोलायला लावतात. मला ओरडून बोलता येत नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सवय होईल. त्यांची बस आली, त्यांनी ती सोडली. पुढचीही सोडली. भावोजींना सांग, बस वेळेवर आल्याचा राग मला आयुष्यात पहिल्यांदाच आला.

मी म्हटलं, "ती गोष्ट पुन्हा लिहितो. शेवट बदलतो."

"शेवटाची घाई नको," त्या म्हणाल्या. "आधी मधलं लिहा. ते तुम्ही सगळं गाळलंय."

रविवारी त्यांच्या घरी बोलावलं आहे. आरशासमोर उभं राहून मोठ्या आवाजात "नमस्कार" म्हणण्याचा सराव करतो आहे. काल शेजारी काय झालं म्हणून बघायला आले.

वर्गाला सध्या एवढंच कळव, की तक्रारीवर कारवाई सुरू आहे.

तुझा
धाकटा